एप्रिलचं शीत

चार्ल्स्टन अर्ध्या तासावर आलं असताना भाच्यानं गाडी रस्त्याकडेला घेतली. तिथं एका पत्र्याच्या छपराखाली म्हातारीनं मोठं पातेलं ठेवलं होतं. "मामा, उतर. ओळखीचं काहीतरी आहे."

पातेल्यात मिठाच्या पाण्यात शेंगा रटरटत होत्या. आपल्याकडे सुगीच्या दिवसांत ओल्या शेंगा उकडतात ना, अगदी त्याच. बोटानं दाबली की टरफल पच्चकन उघडतं आणि आतलं कोमट खारट पाणी मनगटापर्यंत ओघळतं. दक्षिण कॅरोलायना राज्यानं २००६ साली या शेंगांना राज्याच्या अधिकृत खाऊचा मान दिला आहे. पुण्याहून इतक्या लांब येऊन मी पहिल्यांदा काय खाल्लं, तर उकडलेल्या शेंगा.

हे एप्रिल २०२५च्या अखेरचं. भाचा उत्तर कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहतो. त्या गावात मराठी माणसं इतकी, की रविवारी सकाळी चर्च स्ट्रीट पार्कच्या क्रिकेट मैदानावर "अरे पळ की!" अशी आरोळी सहज ऐकू येते. पण भाच्याच्या अकरा वर्षांच्या लेकाला क्रिकेटचं वावडं. त्याचं दैवत बेसबॉल, आणि त्यातही वरच्या झगमगाटाची लीग नव्हे, तर खालची, मायनर लीग. त्यानंच ही सहल आखली होती. शुक्रवारी रात्री चार्ल्स्टनला एक सामना, शनिवारी परत येऊन घराजवळ डरहॅमला दुसरा. "आजोबा, आपण तळमजला आणि गच्ची दोन्ही बघणार," तो म्हणाला. सूनबाईंनी "तुम्ही तिघं जा, मला दोन दिवस घर रिकामं मिळेल" म्हणत डबा बांधून दिला.

तळमजला आणि गच्ची म्हणजे काय, ते वाटेत कळलं. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या तीस मोठ्या संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली चार छोटे संघ असतात; सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्यांवर. फ्लोरिडाच्या टँपा बे रेज या संघाची शिडी चार्ल्स्टनला सुरू होते, मग केंटकीतलं बोलिंग ग्रीन, अलाबामातलं माँटगोमरी आणि शेवटी डरहॅम. माँटगोमरीच्या संघाचं नाव बिस्किट्स. मी हसलो तेव्हा नातवानं आणखी नावं ऐकवली: जॅक्सनव्हिलचे जंबो श्रिंप, अ‍ॅक्रनचे रबरडक्स, हंट्सव्हिलजवळचे ट्रॅश पांडाज. खालच्या लीगमधली मंडळी स्वतःला फार गांभीर्यानं घेत नाहीत, हे बरं वाटलं.

आकडे मात्र गंभीर आहेत. एका मोठ्या संघाला खालच्या स्तरांवर १६५ खेळाडू ठेवता येतात, आणि वरच्या संघात जागा २६. चार्ल्स्टन ते डरहॅम रस्त्यानं साधारण तीनशे मैल. आम्ही ते पाच तासांत कापणार होतो. खेळाडूला तीन-चार वर्षं लागतात, आणि बहुतेकांना तो रस्ता पुरा होतच नाही.

चार्ल्स्टनच्या रिव्हरडॉग्जचं मैदान अ‍ॅश्ली नदीच्या काठाला आहे. चाळीस वर्षं या शहराचे महापौर राहिलेले जोसेफ रायली यांचं नाव त्याला दिलंय. बाहेरच्या भिंतीपलीकडे दलदलीतलं उंच गवत, त्याच्यामागे मावळतीचं पाणी, आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी चिलटं. ती कानामागे चावतात. लोक एका हातानं चिलटं हाकलत होते आणि दुसऱ्या हातात बिअरचा ग्लास सांभाळत होते. आमच्या पुढच्या रांगेत एका बाळाच्या हातावर फोमचा भला मोठा पंजा चढवला होता, आणि ते त्या पंजाचा अंगठा चोखत होतं.

नातवाच्या हातात वही होती. प्रत्येक खेळाडूला एक ओळ, प्रत्येक खेळीला एक चौकोन. "आजोबा, यातला कोण वर जाईल ते सांगा. मी लिहून ठेवतो."

मी आयुष्यभर आकडे लिहिले. पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात एकतीस वर्षं हजेरीचं मस्टर माझ्या ताब्यात होतं. त्यामुळे माझं लक्ष खेळाडूपेक्षा आधी फलकाकडे गेलं. फलंदाज आत आला, की फलकावर त्याची सरासरी उमटते. एक डावखुरा पोरगा आला, एकोणीस-वीस वर्षांचा. दुखापतीमुळे हंगामात उशिरा उतरला होता, तोवर तेरा वेळा खेळून तीन हिट्स. फलकावर .२३१. त्यानं पहिलाच चेंडू डावीकडे मोकळ्या जागेत टोलावला. पुढच्या डावात तो आला तेव्हा फलकावर .२८६ होतं. पुन्हा हिट. तिसऱ्यांदा आला तेव्हा .३३३. तासाभरात पोरगा सामान्याचा असामान्य झाला होता. मी नातवाला सांगितलं, "याचं नाव लिही. हा जाणार."

त्यानं लिहिलं. मग तो डावखुरा तिसऱ्यांदा तीन चेंडूंत बाद झाला, चौथ्यांदाही बाद झाला, आणि .२९४ घेऊन घरी गेला. तिसऱ्या वेळी बाद होऊन परतताना त्यानं हातमोज्याची पट्टी सोडली, पुन्हा घट्ट केली, आणि मान वळवून फलकावरच्या आपल्या आकड्याकडे पाहिलं. सामन्यातली ती एकच गोष्ट मला अजून लख्ख दिसते. मस्टरवर सही करून झाल्यावर आपल्या नावापुढचे खाडे मोजणारे हंगामी कामगार असंच बघायचे.

नातू म्हणाला, "ऑगस्टमध्ये एका हिटनं आकडा नीट हलतसुद्धा नाही." खरंच आहे. चारशे वेळा खेळून झाल्यावर एक हिट सरासरीला दोन हजारांशानंही वर नेत नाही. चौदाव्या खेळीला तीच हिट पंचावन्न हजारांशांची उडी मारते. हिट तीच, खेळाडू तोच, फक्त महिना वेगळा.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. त्या रात्री हॉटेलात पडल्या पडल्या मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की ही म्हण खरी का ठरते? एक शीत दाबून अख्ख्या पातेल्याचं कळतं, कारण प्रत्येक शिताला तेच पाणी आणि तोच जाळ लागलेला असतो. एप्रिलच्या चाळीस खेळींचं तसं नसतं. एका रात्री समोर वर जाऊ घातलेला गोलंदाज असतो, दुसऱ्या रात्री दुखरा खांदा घेऊन परत आलेला. ट्रिपल-एत बफेलो, सिराक्यूज, सेंट पॉल अशा उत्तरेच्या गावांत एप्रिलला इतकी थंडी असते की लाकडी बॅटच्या बुडाशी चेंडू लागला तर तळहात झिणझिणतो. चाळीसपैकी चौदा हिट्स म्हणजे .३५०, दहा म्हणजे .२५०. एक सितारा आणि एक सामान्य यांच्यात दोन आठवड्यांत चार चेंडूंचा फरक. त्यातले दोन क्षेत्ररक्षकाच्या बोटांना घासून गेलेले. पातेल्याला अजून आधणच आलेलं नसतं, आणि आपण चमचा घालून बसतो.

सकाळी निघालो. पंचाण्णव नंबरच्या महामार्गावर दोन कॅरोलायनांच्या सीमेवर साऊथ ऑफ द बॉर्डर नावाचा एक भडक थांबा आहे. मेक्सिकन टोपी डोक्यावर घेतलेला उंच मनोरा, फटाक्यांची दुकानं, आणि कैक मैल आधीपासून सुरू होणारे फलक. तिथं कॉफी घेताना मी भाच्याला विचारलं, "मग वर कुणाला न्यायचं हे ठरतं कशावर, जर एप्रिलचे आकडे फसवे असतील तर?"

"कधी कधी कॅलेंडरवर," तो म्हणाला, आणि त्यानं क्रिस ब्रायंटची गोष्ट सांगितली. २०१५च्या वसंतातल्या सराव सामन्यांत शिकागो कब्जच्या या पोरानं नऊ होमरन मारले, सरासरी .४२५. तरी हंगाम सुरू होताना त्याला आयोवाला खालच्या संघात धाडलं. १७ एप्रिलला वर बोलावलं. मोठ्या लीगच्या हंगामात साधारण १८७ दिवस असतात, त्यातले १७२ भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा, वाटेल त्या संघाकडे जायला. ब्रायंटचे भरले १७१. एक दिवस कमी, म्हणून संघाला तो आणखी एक वर्ष मिळाला. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. त्यानं तक्रार केली, २०२०मध्ये लवादानं ती फेटाळली. त्यानंतर, २०२२च्या करारात, चांगल्या नवोदिताला सुरुवातीपासून वर ठेवणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून जादा निवडीची संधी ठेवली आहे.

माझी कॉफी गार झाली. "दोनशे चाळीस," मी म्हणालो.

"काय?"

"आमच्याकडे आकडा दोनशे चाळीस होता."

वर्षात २४० दिवस भरले की कायद्यानं कामगाराची सेवा सलग धरतात. मग त्याला सहज काढता येत नाही. म्हणून हंगामी पोरांना त्याच्या आतच ब्रेक द्यायचा, आठ-पंधरा दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवीन कार्ड काढायचं. ते ब्रेक मस्टरमध्ये मीच लाल शाईनं लिहिले आहेत. एक वेल्डर होता, हात इतका सफाईदार की सुपरवायझर शिकाऊ पोरांना त्याचा जोड बघायला पाठवायचा. त्याला मी तीनदा ब्रेक लिहिला. त्यानं कधी वाद घातला नाही. फक्त विचारायचा, "साहेब, किती भरले?" त्याच्या कामाचा आणि त्या आकड्याचा काही संबंध नव्हता, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

पुढचे पन्नासेक मैल गाडीत कुणी फार बोललं नाही. नातू मागच्या सीटवर शेंगा संपवत होता.

भाच्यानंच मग जरा बरी बातमी दिली. २०२२मध्ये मायनर लीगचे खेळाडू युनियनमध्ये आले आणि २०२३ला त्यांचा पहिला करार झाला. सिंगल-एचा किमान वार्षिक पगार ११,००० डॉलरवरून २६,२०० झाला, ट्रिपल-एचा १७,५००वरून ३५,८००. राहायची सोय आता संघ करतो. त्याआधी सहा-सहा पोरं एका खोलीत जमिनीवर गाद्या टाकून राहत. मी मनात हिशेब केला. चार्ल्स्टनच्या माझ्या डावखुऱ्याचा पगार या देशात अजूनही बेताचाच, पण निदान गादी त्याची स्वतःची होती.

डरहॅम हे तंबाखूचं गाव. बुल डरहॅम नावाच्या तंबाखूवरून संघाचं नाव बुल्स, आणि १९८८च्या 'बुल डरहॅम' या सिनेमानं ते जगभर नेलं. मैदानाला लागूनच लाल विटांचे जुने तंबाखूचे कारखाने आहेत. लकी स्ट्राइकचं नाव रंगवलेली चिमणी अजून उभी आहे, खाली मात्र कचेऱ्या आणि खानावळी. डाव्या बाजूला बत्तीस फुटांची निळी भिंत, आणि तिच्यावर लाकडी बैल. बुल्सनं होमरन मारला की त्याचे डोळे लाल होतात, नाकपुड्यांतून धूर निघतो आणि शेपूट हलते. चेंडू थेट बैलाला लागला तर मारणाऱ्याला स्टेक फुकट, खालच्या गवताला लागला तर सॅलड. शाकाहारी माणसासाठी नेम धरणं सोपं आहे.

चार्ल्स्टन आणि डरहॅममधला फरक कानाला आधी कळतो. इथं चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कोरडा आणि तीव्र, लाकडी पाट आपटल्यासारखा. इथली पोरं चोविशी-पंचविशीतली, काही तिशी ओलांडलेली, वर जाऊन परत आलेली. आमच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. गुडघ्यावर पांघरूण, टोपीवर जुनी बोधचिन्हं. दर हंगामाला तीच खुर्ची घेतात. नातवाची वही पाहून ते खूश झाले.

"लाँगोरियाला मी इथं पाहिलंय," ते म्हणाले. "२००८. सात सामने. मग गेला." एव्हन लाँगोरिया एप्रिलच्या बाराव्या दिवशी वर गेला, त्यानंतर आठवड्याच्या आत रेजनी त्याच्याशी सहा वर्षांचा, साडेसतरा दशलक्ष डॉलरचा करार केला. मोठ्या लीगमध्ये त्याचे जेमतेम सहा सामने झाले होते. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि रेज पहिल्यांदा अंतिम मालिकेत पोचले. सात सामन्यांत त्यानं इथं काय दिवे लावले होते, असं मी विचारलं. म्हातारबुवांनी खांदे उडवले. सात सामन्यांत कुणी काय लावणार?

त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी चँडलर सिम्पसन होता. २०२४मध्ये मधल्या दोन पायऱ्यांवर मिळून या पोरानं १०४ बेस चोरले. होमरन त्याच्या नावावर औषधापुरता. पाय मात्र असे, की साधा घरंगळता चेंडूही हिट होतो. १९ एप्रिलला तो मोठ्या लीगमध्ये पदार्पणाला उतरला होता. दुसरा होता शॉर्टस्टॉप कार्सन विल्यम्स, २०२१च्या पहिल्या फेरीतला. सरावात त्याला चेंडू टिपताना पाहिलं. उजवीकडे खोल जाऊन, तोल सावरायच्या आत फेकलेला चेंडू पहिल्या बेसवर छातीच्या उंचीला. फलंदाजीत मात्र तो एप्रिलभर चाचपडत होता. नातवाच्या वहीत त्याच्या ओळीत एक अक्षर सारखं येत होतं. के. म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन बाद. दर तिसऱ्या खेळीला जवळजवळ.

"आजोबा, हे अक्षर जपून बघायचं," नातू म्हणाला. त्यानं एका रसेल कार्लटनचं संशोधन वाचलं होतं, अकराव्या वर्षी! कोणता आकडा किती खेळींनंतर भरवशाचा होतो याचा या माणसानं हिशेब मांडलाय. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण साठ खेळींत स्थिरावतं, वॉकचं, म्हणजे वाईट चेंडू सोडून मिळालेल्या बेसचं, एकशे वीसच्या आसपास. फलंदाजीची सरासरी? नऊशेच्या पुढे, म्हणजे एका हंगामात नाहीच. थोडक्यात, ज्या आकड्याकडे सगळे बघतात तो फार उशिरा शिजतो. चेंडू बॅटला लागल्यावर कुठे जाईल ते पुष्कळसं नशिबावर, पण लागला की नाही, आणि वाईट चेंडू सोडला की नाही, हे खेळाडूचं स्वतःचं.

हे मला पटकन कळलं. आझाद मैदानावर क्रिकेट पाहताना आमचे एक काका म्हणायचे, पोरानं मारलेला चेंडू बघू नका, सोडलेला बघा.

सहाव्या डावात तेच घडताना दिसलं. पाहुण्या संघाच्या फलंदाजानं एक चेंडू सोडला, अंपायरनं स्ट्राइक दिला. फलंदाजानं लगेच हेल्मेटवर दोन बोटं टेकवली. ट्रिपल-एत ही सोय आहे: फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांनीच, तिथल्या तिथं, डगआउटकडे न बघता निर्णयाला आव्हान द्यायचं. पडद्यावर चौकट उमटली, चेंडू तिच्या बाहेरून केसभर अंतरानं गेला. निर्णय फिरला. म्हातारबुवा म्हणाले, "हा पोरगा जाईल." सरासरी किती होती त्याची? मी पाहिलीच नव्हती. २०२६पासून ही पद्धत वरही आली आहे, पण पोरांची नजर तिच्यावर खालीच तयार झाली.

परतताना मी विचार करत होतो, की उलट्या बाजूचे, खाली चमकून वर अडखळणारे लोकही असतात. १९५१मध्ये विली मेज मिनियापोलिसच्या खालच्या संघात पस्तीस सामन्यांत .४७७ खेळला. वरच्या जायंट्स संघानं त्याला उचलल्यावर तिथल्या लोकांची माफी मागायला मालकानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली. वर आल्यावर पहिल्या बारा खेळींत त्याला एकही हिट मिळाली नाही, मग एक होमरन, आणि पुन्हा शुकशुकाट. त्याला परत पाठवलं असतं तर? आणि माइक हेसमन, अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये ४३३ होमरन, हा तिथला विक्रम. वर फक्त चौदा. आपला अमोल मुझुमदार आठवला. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा, आणि भारताची टोपी नाही. त्याचं पहिलं शीतही पक्कं होतं आणि अख्खा भातही. पान मात्र कुणी वाढलं नाही.

मी पुण्याला परतलो. मेच्या अखेरीस नातवाचा निरोप आला, सिम्पसनला खाली पाठवलं. जूनमध्ये दुसरा आला, तो पुन्हा वर गेला. शिडी दोन्हीकडे जाते. मग ऑगस्टमध्ये, आमच्याकडे झड लागलेली असताना, त्यानं व्हिडिओ कॉलच लावला. कार्सन विल्यम्स वर गेला होता. डरहॅमची त्याची सरासरी होती .२१३. चार्ल्स्टनला मी ज्या फलकाकडे टक लावून बसलो होतो, त्यावर हा आकडा दिसला असता तर मी मान हलवून पुढच्या पोराकडे वळलो असतो. पण त्याच्या नावावर तेवीस होमरन होते, आणि खोल जाऊन फेकलेले ते चेंडू, जे कुठल्याच सरासरीत बसत नाहीत.

"आणि आजोबा, तुमचा चार्ल्स्टनचा डावखुरा," तो जरा अडखळत म्हणाला, "तो तिथंच आहे. सरासरी खाली आलीय. नाव खोडू का?"

"सरासरी राहू दे," मी म्हणालो. "के किती? एप्रिलमध्ये आणि आता, दोन्ही सांग."

पलीकडे वहीची पानं मागं उलटल्याचा आवाज येऊ लागला.